आईच्या आवाजाखाली

हरेश्वर नाखवा आधी पंखा बंद करायचे, मग फोन उचलायचे. ठाण्याच्या आमच्या कचेरीत छताला एकच पंखा होता आणि सगळी टेबलं त्याच्याखाली ओढलेली होती. भर मे महिन्यात मुरबाडहून किंवा जव्हारहून ट्रंक कॉल आला की नाखवा उठून बटण दाबत, खिडकी लावून घेत आणि मग रिसीव्हर कानाला लावत. बातमी उतरवून होईपर्यंत बाकीचे घामाने भिजत. कोणी कुरकुरलं तर रिसीव्हरवर तळवा ठेवून ते म्हणत, "तिकडे माणूस ओरडून सांगतोय. आपण इकडे गप्प बसू या."

त्यांचं काम तेवढंच होतं. तालुक्यांचे वार्ताहर फोनवर बातमी सांगत, नाखवा ती लिहून घेत आणि आम्हा उपसंपादकांपुढे ठेवत. त्यांच्या कागदात नावांच्या चुका नसायच्या. बोलणाऱ्याचा आवाज ते शब्दांइतकाच लक्ष देऊन ऐकत. एकदा शहापूरच्या वार्ताहराने ट्रक उलटल्याची चार ओळींची बातमी दिली. नाखव्यांनी ती लिहून घेतली आणि मग विचारलं, "यातला तुमचा कोण?" मेलेल्यांत वार्ताहराचा मेहुणा होता. ही हकिगत आम्हाला त्या वार्ताहराकडून नंतर कळली. नाखव्यांनी सांगितली नव्हती.

मी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्या कचेरीत लागलो. नाखवा तेव्हा पस्तिशीच्या पुढचे, अविवाहित, अंगाने बारीक. शर्टाचं वरचं बटण नेहमी लावलेलं. कचेरीत ते छापील मराठी बोलत. घरी, कोपरीच्या बाजूच्या कोळीवाड्यात, त्यांची भाषा वेगळी होती. तिथे ते आईबरोबर राहत आणि संध्याकाळी बेंजो वाजवत.

हा बेंजो म्हणजे लाकडी पेटीवरच्या तारा आणि त्या दाबायला टाइपरायटरसारखी बटणं. त्याला वायर जोडून भोंग्यातून आवाज काढला की अख्खी गल्ली नाचते. कोळीवाड्यात हळदीला बेंजो पार्टी नसेल तर पाहुणे यजमानाला नावं ठेवतात. नाखवा अशा एका पार्टीत मुख्य बेंजो वाजवत. लग्नसराईत ते रजा मागत नसत, पण सकाळी त्यांच्या बोटांच्या टोकांना चिकटपट्ट्या दिसत.

त्यांच्या आई, पारूबाय, त्याच लग्नांत असायच्या. त्या धवलारीण होत्या. आगरी-कोळ्यांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं. त्याला धवला म्हणतात आणि तो गाणारी बाई ती धवलारीण. देवांना, खाडीला आणि घरातल्या मेलेल्या माणसांना नावाने हाक मारून ती लग्नाला बोलावते. पारूबायना हे धवले त्यांच्या आत्याकडून मिळाले होते. पुढे द्यायला कोणी नव्हतं. मुलगी लग्न होऊन उरणला गेली होती आणि तिला गळा नव्हता.

नाखव्यांचा चुलतभाऊ आखातात कामाला होता. तो दोन स्पीकरचा मोठा टेपरेकॉर्डर घेऊन आला तेव्हा नाखव्यांनी आईचे धवले भरून ठेवायचं ठरवलं. शेजारच्या एका हळदीला त्यांनी टेप आत, आईजवळ ठेवला आणि बहिणीला बटण दाबायला सांगितलं. स्वतः ते बाहेर मांडवात बेंजोवर बसले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी तो टेप कचेरीत आणला. आम्ही सगळे जमलो. पंखा अर्थातच बंद. कॅसेट लावली. बेंजो सुरू झाला आणि थांबेचना. एक बाजू संपत आली तेव्हा मध्येच क्षणभर शांतता झाली आणि एका बाईचे चार-पाच शब्द ऐकू आले, अगदी मोकळे, न ओढता म्हटलेले. लगेच पुन्हा बेंजो.

"अहो, हा आडदांड वाजवतोय तरी कोण?" आमच्या मुख्य उपसंपादकांनी विचारलं.

"मी," नाखवा म्हणाले.

नाखव्यांनी कॅसेट काढून खिशात ठेवली आणि पंखा सुरू केला. त्या आठवड्यात त्यांनी पार्टी सोडली. ऐन सराईत सोडल्यामुळे पार्टीचा मालक कचेरीत येऊन तासभर भांडला. नाखवा त्याला चहा पाजत राहिले, पण परत गेले नाहीत. कारण विचारलं तेव्हा मला म्हणाले, "आयुष्यभर आईच्या आवाजावर वाजवलं. एकदा तिच्या आवाजाखाली वाजवायचंय."

तिथून त्यांचा शोध सुरू झाला. त्यांना असं वाद्य हवं होतं जे एका खोलीत बाईच्या आवाजाला न झाकता वाजेल आणि वायरने टेपमध्येही जाईल. टेपला माइक लावायची दोन भोकं होती. एकात आईचा माइक आणि दुसऱ्यात वाद्याची वायर घातली की डाव्या स्पीकरमधून आई आणि उजव्यातून आपण, असा त्यांचा हिशेब होता. "दोघांना वेगवेगळं ऐकता आलं पाहिजे," ते म्हणत. "मी जास्त झालो तर मला बंद करता येईल."

मी डोंबिवलीला राहत असे. माझ्या घराजवळच्या गल्लीत पेंडशांचं वाद्यांचं दुकान होतं. पेटी दुरुस्त करणं हा त्यांचा मुख्य धंदा, बाकी जुनी वाद्यं विकायला ठेवलेली. नाखवा सुट्टीच्या दिवशी तिथे येऊ लागले आणि कधीकधी मीही सोबत जात असे. त्यांची परीक्षा ठरलेली होती. बेंजोत बुडालेल्या त्या कॅसेटवरचे आईचे चार-पाच शब्द ते आईच्याच सुरात गुणगुणत. मग वाद्याची एक तार छेडत आणि तो सूर किती वेळ रेंगाळतो ते कान लावून ऐकत. बहुतेक वेळा वाद्य खाली ठेवत.

बेंजो नको होता, कारण बटणांची टकटक टेपमध्ये येते. मँडोलिन त्यांनी महिनाभर घरी नेऊन ठेवलं आणि परत आणलं. त्याच्या तारा जोडीजोडीने असतात. "एक बोलली की दुसरी लगेच तेच बोलते," त्यांची तक्रार. गिटारवर ते फार वेळ थांबले नाहीत. ती त्यांना शेजारच्या खोलीत खाकरणाऱ्या सासऱ्यासारखी वाटली.

पेंडसे सोशिक गृहस्थ होते, पण एकदा चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "नाखवा, तुम्ही वाद्य बघताय की मुलगी? मुलगी बघायला इतका वेळ घेतला असतात तर एव्हाना ती दोन पोरांची आई होऊन समोरून गेली असती."

"गेलीच आहे एक," नाखवा म्हणाले आणि पुढची तार छेडली. यापलीकडे त्या विषयावर ते कधी बोलले नाहीत.

अखेर ते वाद्य कल्याणहून आलं. रेल्वे कॉलनीतलं एक अँग्लो-इंडियन कुटुंब घर आवरून ऑस्ट्रेलियाला निघालं होतं. त्यांच्या सामानातून पेंडशांनी एक पियानो, काही खुर्च्या आणि हातभर लांबीची चार तारांची वस्तू उचलली. तिचं नाव युकुलेली. पेंडसे तिला गिटारीचं पिल्लू म्हणत. तारा धातूच्या नव्हत्या, मासे पकडायच्या गळाच्या दोरीसारख्या नायलॉनच्या होत्या. नाखव्यांनी ती हातात घेतली, आईचे शब्द गुणगुणले, तार छेडली आणि ऐकत राहिले. सूर आला आणि लगेच विरला.

"ही सूर देते आणि बाजूला होते," ते म्हणाले. किंमत न विचारता त्यांनी ती काखेत धरली.

तिला वायर नव्हती. कोपरीतल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याने जुन्या रेकॉर्ड प्लेअरच्या पिकपमधला क्रिस्टल काढून तिच्या लाकडाला आतून चिकटवला, कुशीला भोक पाडलं आणि वायर बाहेर काढली. घरच्या विजेवर टेपमध्ये घूं असा आवाज येई, म्हणून नाखवा सेलवर भरत. शेजाऱ्यांचा स्टोव्ह, कावळे, धक्क्यावर होडी आपटल्याचा आवाज, सगळं टेपमध्ये येई. तिथी बघून त्यांनी दुपारची वेळ धरली. त्या वेळी वाडा झोपलेला आणि खाडीला ओहोटी असे. एवढी तयारी झाल्यावर ते वाद्य घेऊन आईसमोर बसले.

पारूबाय जाळं विणत होत्या. त्यांनी युकुलेली हातात घेऊन उलटी-सुलटी केली, एक तार वाजवली. "बारक्या पोरावानी हाय," त्या म्हणाल्या. "रडला, नि उचलला का गप." वस्तू त्यांना आवडली होती. मग मुलाने टेपचं बटण दाबलं आणि त्या म्हणाल्या, "लगीन कोनाचा?"

लग्नाशिवाय धवला गात नाहीत, हे नाखव्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण घरातल्या घरात, आईने मुलासाठी, दार लावून, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. पारूबायनी जाळं पुन्हा मांडीवर घेतलं. मेलेल्या माणसांना लग्नाला म्हणून हाक मारायची, ती आली आणि मांडवच नसला तर त्यांनी बसायचं कुठे, असा त्यांचा प्रश्न होता. धवल्याला वाजाप, म्हणजे वाद्याची साथ, नसतं, हेही त्यांनी जाता जाता सांगितलं. पण त्यावर त्या अडून बसल्या नाहीत. अडल्या त्या लग्नावर.

"लगीन कर. मांडव घाल. मंग गाते," त्या म्हणाल्या. "तुजाच कर."

माझ्या अंदाजाने त्या दिवशी पारूबायना आपल्या हाती काय आहे ते कळलं. मुलाने लग्न करावं म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं सगळे उपाय करून पाहिले होते. त्याला हवी असलेली एकच गोष्ट आता त्यांच्या गळ्यात होती. सत्तरी ओलांडलेली होती आणि वरचा सूर गाताना दम तुटू लागला होता. हे दोघांनाही दिसत होतं. दोघंही मागे हटेनात. हे दोन-तीन वर्षं चाललं.

मधल्या काळात नाखव्यांनी आडवाटा शोधल्या. तुळशीच्या लग्नाचं विचारलं, तर ते भट लावतो असं उत्तर आलं. दुसऱ्यांच्या लग्नात टेप नेला, तर बाहेर बेंजो होताच. त्यांच्या जागी आता दुसरा मुलगा वाजवत होता आणि त्याचा भोंगा अधिक मोठा होता. मग एका मे महिन्यात गल्लीतल्या मुलींनी बाहुला-बाहुलीचं लग्न काढलं. नाखव्यांनी स्वतः बांबू आणून अंगणात मांडव घातला, आंब्याच्या डहाळ्या बांधल्या, बाहुल्यांना हळद कालवली. युकुलेलीची वायर चटईखालून टेपपर्यंत नेली. मुली त्यांना नाखवाकाका म्हणून हाका मारत होत्या आणि ते चाळिशीतले गृहस्थ बाहुल्याच्या डोक्यावर कागदाचं बाशिंग बांधत होते.

पारूबाय बाहेर आल्या. त्यांनी मांडव बघितला, मग वायर बघितली. बाहुल्यांवर अक्षता टाकल्या, मुलींना एक खेळातलं गाणं म्हणून दाखवलं आणि आत जायला वळल्या.

"आये," नाखवा म्हणाले, "मांडव घातलाय."

"बावल्यांना पोरा व्हत नाय, हरेस," पारूबाय म्हणाल्या. "कोनासाठी गावू?"

ही गोष्ट नाखव्यांनी मला स्वतः सांगितली, दुसऱ्या दिवशी, दोन बातम्यांच्या मध्ये. सांगताना हसले. मग कल्याणहून कॉल आला आणि त्यांनी पंखा बंद केला.

त्या काळी ट्रंक कॉल कल्याणच्या एक्स्चेंजमधून जोडून मिळत. तिथे एक ऑपरेटर होती. ती इतरांसारखी घाईने "बोला बोला" करत नसे. लाइन खराब असली तर मध्येच येऊन वार्ताहराचं वाक्य स्वच्छ सांगे आणि निघून जाई. नाखवा तिला नावाने ओळखत नव्हते. एक दिवस लाइन तुटली तेव्हा त्यांनी तिला थांबायला सांगितलं आणि विचारलं की आपण कोण. ती माजिवड्याची होती, सुमन पाटील. भावांची शिक्षणं होईपर्यंत तिचं लग्नाचं राहून गेलं होतं. हे संभाषण आम्ही सगळ्यांनी ऐकलं, कारण पंखा बंद होता.

पुढे काही महिने बातम्या नेहमीपेक्षा लांब येऊ लागल्या. लग्नाचं ठरण्याआधी नाखव्यांनी तिला सगळं सांगितलं: आईची अट, टेप, युकुलेली. कचेरीत आम्ही त्यांना मूर्खात काढलं. टेप भरायला लग्न करतोय असं कोणी बाईला सांगतं का? तिने काय म्हटलं ते नंतर तिनेच मला सांगितलं. तिने विचारलं होतं, "मग मांडवात बेंजो असणार का?" ते नाही म्हणाले. "तेवढं पाळा," ती म्हणाली.

कोळीवाड्यात बेंजोशिवाय हळद हा गहजब होता. नवरदेव स्वतः बेंजोवाला, त्याच्याच हळदीला भोंगा नाही. उरणची बहीण रुसली. एका मामाने मांडवात शिरतानाच मोठ्याने विचारलं, "हरेस, लग्नालाच बोलावलंस ना रे? का चुकून बाराव्याला आलो?" नाखव्यांनी त्यांना नमस्कार करून बसवलं. मग आत येऊन पंखा बंद केला.

टेपवरचा लाल दिवा बघायचं काम माझ्याकडे होतं. खोलीत बायका दाटीने बसलेल्या. दुपार होती, ओहोटीची वेळ. नाखवा पाटावर, हळदीने माखलेले. त्यांच्या मांडीवर युकुलेली होती आणि वायर माझ्यापर्यंत आलेली. पारूबायनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सुरुवात केली.

नाखव्यांनी दोन सूर वाजवले. पारूबायनी गाता गाता त्यांच्याकडे एकदा पाहिलं. रागाने नव्हे, अंगणात कोण आलं म्हणून पाहावं तसं. नाखव्यांनी तारांवर तळवा ठेवला. त्यानंतर त्यांनी वाजवलं नाही. आवाज कुठे घसरला नाही, दम कुठे तुटला नाही. इतकी वर्षं ज्या आवाजाला आधार द्यायचा म्हणून ते वाद्य शोधत होते, त्याला आधाराची गरज नव्हती. ते ऐकत बसले. देव झाले, खाडी झाली, मग मेलेल्यांची नावं आली. पारूबायनी सासऱ्यांना हाक मारली, सासूला मारली, मग नवऱ्याचं नाव घेतलं आणि थांबल्या. थांबणं लांबलं. दिवा जळत होता. बाहेर कोणीतरी भांडं ठेवल्याचा आवाज झाला. मग त्यांनी पुढची ओळ उचलली.

नंतर रेडिओवाल्याने ती शांतता कापून टाकायची तयारी दाखवली. नाखवा म्हणाले, "तिथे कापायचं नाही."

पारूबाय पुढे काही पावसाळे होत्या. नातू त्यांनी पाहिला. शेवटी त्यांचा आवाज बोलण्यापुरताही उरला नव्हता. त्या गेल्यानंतर काही दिवसांनी आमच्या रविवारच्या पानासाठी मी नाखव्यांना त्या टेपबद्दल विचारलं. एकदा ऐकवा, मी लिहितो, असं म्हटलं. कपाटात कॅसेट कुठे आहे ते त्यांनी मला दाखवलं, पण काढली नाही.

"घरात लग्न कोणाचं आहे?" त्यांनी विचारलं.

मला आधी वाटलं ते टाळत आहेत. तसं नव्हतं. सुमनताईंनी सांगितलं की त्यांनी ती टेप एकदाही लावलेली नाही. कधीकधी संध्याकाळी ते कपाट उघडून उभे राहत, कॅसेटकडे बघत आणि कपाट लावत. आईची आठवण येई तेव्हा लावता येत नव्हती. घरात मांडव पडेल तेव्हाच लावायची, आणि मुलगा अजून शाळेत जात होता.

मी नव्वदच्या दशकाच्या मध्यात ती कचेरी सोडली. फॅक्स आल्यावर नाखव्यांचं काम आपोआप संपलं होतं. त्यांना जाहिरात विभागात बसवलं होतं आणि तिथे पंखा कायम सुरू असे.

त्यांना शेवटचं पाहिलं ते त्यांच्या भाचीच्या हळदीला. बहिणीने हे लग्न मुद्दाम भावाच्या घरी ठेवलं होतं. कोपरीच्या त्या गल्लीत आता भोंग्यांच्या जागी माणसाच्या उंचीचे स्पीकर होते, बेंजोबरोबर कीबोर्ड होता आणि मांडवात एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन बोलावं लागत होतं. सुमनताईंनी मला हात करून आत बोलावलं.

आतल्या खोलीत खिडक्या लावलेल्या होत्या, दाराच्या फटीत चादर कोंबलेली. पंखा बंद. पाटावर भाची आणि भोवती बायका. कोपऱ्यात तोच जुना टेप आणि त्याच्या उजव्या स्पीकरला खेटून नाखवा बसलेले, केस पिकलेले, मांडीवर युकुलेली. वायर नव्हती. कुशीचं भोक मेणाने बुजवलेलं होतं. लाकडावर पिवळी बोटं उमटलेली दिसत होती. त्यांच्या हळदीतली ती बोटं कधी पुसली गेली नव्हती.

बटण दाबल्यावर डावीकडून पारूबाय गाऊ लागल्या. उजवीकडून सुरुवातीला दोन सूर आले आणि पुढे काही नाही. तिथून नाखवा वाजवू लागले. इतकं हलकं की मला त्यांची बोटं दिसत होती, म्हणूनच ते वाजवत आहेत हे कळत होतं. बाहेरचा ढोल भिंतीतून येत होता. बायका पुढे वाकून ऐकत होत्या.

देव झाले, खाडी झाली. सासरे, सासू, नवरा. मग टेपमधली ती शांतता आली. नाखव्यांचा हात थांबला. आई मेलेल्यांना बोलावत होती तेव्हा ती त्यांच्यात नव्हती, त्यामुळे त्या यादीत तिचं नाव नव्हतं. ते टेपकडे किंचित झुकले आणि फोनवर दूरच्या माणसाशी बोलताना लावत तसा स्पष्ट, सावकाश आवाज लावून म्हणाले, "पारूबाय."

मग पारूबायनी पुढची ओळ उचलली आणि ते पुन्हा तिच्याखाली वाजवू लागले.